न्यूझीलंडमध्ये समाजकार्य करताना: संशोधन, माओरी ज्ञान आणि रोजचं काम (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

टिस, निर्मला निकेतन किंवा कर्वे संस्थेतून एमएसडब्ल्यू करून न्यूझीलंडला आलेल्यांना केसवर्क नवं नसतं, ग्रुपवर्क नवं नसतं, फील्डवर्कचं तर नावच नको. गाडी अडते ती ‘बायकल्चरल प्रॅक्टिस’ या दोन शब्दांपाशी. इथे नोकरीला लागलेल्या किंवा त्या खटपटीत असलेल्या मराठी मंडळींचे नेहमीचे प्रश्न खाली घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत संपतात. मतं जिथे माझी आहेत तिथे ती माझीच म्हणून वाचा.

बायकल्चरल म्हणजे दोन संस्कृती. पण ऑकलंडमध्ये तर निम्म्या जगातली माणसं दिसतात. मग ‘बहुसांस्कृतिक’ का म्हणत नाहीत?

कारण हा शब्द डोकी मोजून आलेला नाही. तो एका करारातून आला आहे. ६ फेब्रुवारी १८४० रोजी वाइतांगी इथे ब्रिटिश राजसत्ता आणि इथल्या मूळ रहिवासी माओरींचे प्रमुख यांच्यात ‘ते तिरिती ओ वाइतांगी’ झाला. पुढच्या काही महिन्यांत पाचशेहून अधिक प्रमुखांनी त्यावर सह्या केल्या. बहुतेकांनी केल्या त्या माओरी भाषेतल्या मसुद्यावर. इंग्रजी मसुद्यावर फक्त ३९ जणांच्या सह्या आहेत. माओरी मसुद्यात राजसत्तेला कारभार चालवण्याचा अधिकार मिळतो आणि आपल्या जमिनी, वस्त्या, ठेवा यांवरचं अधिपत्य प्रमुखांकडेच राहतं. इंग्रजी मसुद्यात मात्र सार्वभौमत्वच देऊन टाकलं आहे. आजवरच्या निम्म्याअधिक भांडणांचं मूळ तिथे आहे.

२०२३ च्या जनगणनेत माओरी १७.८ टक्के होते. उद्या हा आकडा वर गेला किंवा खाली आला, तरी करारातले पक्ष दोनच. बाकीच्या समाजांशी नीट वागायचं नाही असा याचा अर्थ कुणी काढू नये. ती वेगळी जबाबदारी आहे आणि तीही आहेच.

आम्ही ना माओरी, ना गोरे. या दोघांत आमची जागा कुठे?

करारातल्या दुसऱ्या बाजूला. आपल्याला व्हिसा दिला तो इथल्या सरकारने, आणि सरकारला तो द्यायचा अधिकार मिळतो त्याच करारातून. करारामुळे इथे राहण्याचा हक्क मिळालेल्या सगळ्यांना ‘तांगाता तिरिती’ म्हणतात, त्यात आपण येतो.

हे पचायला जरा जड जातं. ‘अहो, आमच्यावरही इंग्रजांनी दीडशे वर्षं राज्य केलं,’ असं मराठी माणूस ट्रेनिंगमध्ये हमखास म्हणतो. खरं आहे, आणि कधीकधी बोलणं सुरू करायला उपयोगीही पडतं. पण ओरांगा तामारिकीचं, म्हणजे इथल्या बालकल्याण खात्याचं, ओळखपत्र गळ्यात अडकवून तुम्ही दारात उभे असता, तेव्हा आतल्या आजीला तुमचा इतिहास दिसत नाही. तिला ओळखपत्र दिसतं. तिच्या बहिणीला १९६० च्या दशकात घेऊन गेलेल्या माणसाच्या हातातही सरकारचाच कागद होता.

हे सगळं ऐच्छिक आहे की कायद्याने बंधनकारक?

कायद्याने. सोशल वर्कर्स रजिस्ट्रेशन ॲक्ट २००३ मध्ये नोंदणीसाठी माओरींसोबत काम करण्याची क्षमता दाखवावी लागते असं स्पष्ट म्हटलं आहे. त्याच कायद्यात इतर वांशिक आणि सांस्कृतिक गटांसोबत काम करण्याची क्षमताही मागितली आहे. २७ फेब्रुवारी २०२१ पासून नोंदणीशिवाय स्वतःला ‘सोशल वर्कर’ म्हणवून घेता येत नाही. परदेशी पदवी असलेल्यांनाही यातून सूट नाही. भारतातलं वीस वर्षांचं काम जमेला धरलं जातं, पण हा भाग वेगळा शिकावाच लागतो.

याची गरज का पडली? चांगलं समाजकार्य सगळीकडे सारखंच असतं ना?

तसं समजूनच काम चाललं होतं, आणि त्याचे परिणाम झाले.

विसाव्या शतकाच्या मधल्या दशकांत माओरी कुटुंबं मोठ्या संख्येने गावं सोडून शहरांत आली. मागोमाग त्यांची मुलं सरकारी बालगृहांत दिसू लागली. १९८५ मध्ये समाजकल्याण मंत्र्यांनी जॉन रांगिहाउ यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. ही समिती देशभरच्या मराएंवर, म्हणजे माओरींच्या सामुदायिक सभास्थानांवर, गेली आणि लोक काय म्हणतात ते ऐकलं. तिचा १९८६ चा अहवाल ‘पुआओ-ते-आता-तू’ या नावाने ओळखला जातो. खात्यातली माणसं दुष्ट आहेत असं त्यात कुठे म्हटलेलं नाही. म्हटलं आहे ते असं, की खात्याचे नियम, नेमणुका, फॉर्म आणि निर्णय घेण्याची रीत हे सगळं एकाच संस्कृतीच्या मापाने बेतलेलं आहे. संस्थात्मक वंशवाद हा शब्द त्यांनी सरकारी कागदावर आणला.

माझ्या दृष्टीने हा अहवाल संशोधनाचा उत्तम नमुना आहे. प्रश्नावली नाही, नमुना-निवड नाही. पण ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांना त्यांच्या जागी जाऊन, त्यांच्या रीतीने विचारलं, आणि तीन वर्षांत देशाचा कायदा बदलला. असं भाग्य लाभलेले शोधनिबंध शोधूनही सापडायचे नाहीत.

तो कायदा १९८९ चा. त्याने फॅमिली ग्रुप कॉन्फरन्स आणली, त्याबद्दल पुढे. मात्र कायदा बदलला म्हणून सवयी बदलल्या नाहीत. मे २०१९ मध्ये हॉक्स बे भागातल्या एका रुग्णालयात नवजात बाळाला आईकडून ताब्यात घेण्याचा प्रयत्न झाला. त्याचं चित्रीकरण देशाने पाहिलं आणि एकामागून एक चौकश्या लागल्या. ऑम्बड्समनच्या, म्हणजे सरकारी कारभाराविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या, चौकशीत दिसलं की पालकांना न कळवता न्यायालयात अर्ज करणं ही अपवादाची तरतूद रोजची रीत होऊन बसली होती. २०२१ मध्ये वाइतांगी ट्रायब्युनलने, म्हणजे करारभंगाच्या तक्रारी ऐकणाऱ्या आयोगाने, यावर स्वतंत्र अहवाल दिला. सरकारी देखभालीतल्या मुलांमध्ये माओरी मुलं आजही सुमारे दोन तृतीयांश आहेत. वरचा १७.८ चा आकडा याच्या शेजारी ठेवून पाहा.

त्यानंतर २०२४ मध्ये रॉयल कमिशनचा, म्हणजे देखभालीतल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या आयोगाचा, अहवाल आला. १९५० ते २०१९ या काळात सरकारी आणि धार्मिक संस्थांच्या देखभालीत सुमारे साडेसहा लाख माणसं होती आणि त्यांपैकी दोन लाखांपर्यंत अत्याचार सोसलेली असावीत असा त्याचा अंदाज आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. नव्याने कामाला लागणाऱ्याने निदान या अहवालाचा सारांश तरी वाचावाच. तुम्ही ज्या दारावर टकटक करता, त्यामागचा अविश्वास कुठून आला ते त्यात आहे.

फॅमिली ग्रुप कॉन्फरन्स प्रत्यक्षात कशी चालते?

मुलाच्या सुरक्षिततेबद्दल गंभीर काळजी असेल किंवा किशोरवयीन मुलाकडून गुन्हा घडला असेल, तर एक समन्वयक ही बैठक बोलावतो. कुटुंब म्हणजे आईबाप एवढंच इथे धरत नाहीत. फानाउ म्हणजे आपल्याकडच्या भावकीसारखं: आजीआजोबा, मावश्या, काका, दूरच्या शहरातली चुलत भावंडं. बैठक कुठे घ्यायची आणि कशा रीतीने चालवायची, हे ठरवण्यात कुटुंबाचा वाटा असतो.

बहुतेक माओरी कुटुंबांत सुरुवात काराकिया म्हणजे प्रार्थनेने होते. मग ओळखी. ओळखींना अर्धा तास लागला तरी घड्याळाकडे बघायचं नाही. कोण कुणाचं, कुठल्या इवीचं म्हणजे जमातीचं, कोणाचं कोणाशी नातं, हे जुळलं की खोलीतली हवा बदलते. मग व्यावसायिक मंडळी माहिती मांडतात: सोशल वर्कर, शाळा, डॉक्टर, असेल तर पोलीस. प्रश्न विचारले जातात. आणि मग कायद्याने कुटुंबाला दिलेला खास वेळ येतो. आपण सगळ्यांनी खोलीबाहेर जायचं. दार बंद.

आत कुटुंब एकटं बोलतं. कधी रडणं ऐकू येतं, कधी मोठा आवाज चढतो, बऱ्याचदा हसूही. तुम्ही स्वयंपाकघरात चहाचे कप विसळत थांबता. दोन तासही लागतात. आत बोलावतात तेव्हा त्यांच्या हातात एक योजना असते: मूल कोणाकडे राहील, आईच्या व्यसनमुक्तीच्या दिवशी गाडी कोण चालवेल, शाळेच्या सुट्टीत काय. मग त्यावर चर्चा होऊन सहमती लिहिली जाते.

माझ्या मते इथल्या बालसंरक्षण पद्धतीतलं सगळ्यांत धाडसी पाऊल म्हणजे ते बंद दार. आणि ते मोडायची सगळ्यांत सोपी युक्ती म्हणजे योजना आधीच लॅपटॉपवर टाइप करून नेणं. तीन नातेवाईक कसेबसे जमवायचे, टाइप केलेला कागद पुढे करायचा आणि ‘कुटुंब सहमत’ अशी नोंद करायची. बैठकीआधीचे दोन आठवडे माणसं शोधण्यात गेले नसतील, तर बैठकीचा दिवस वाया गेलाच म्हणून समजा.

आम्ही पुरावाधिष्ठित पद्धत शिकलो. माओरी ज्ञान म्हणजे परंपरा. या दोन्हींचा मेळ कसा घालायचा?

इथे अँगस मॅकफार्लेन यांनी मांडलेली ‘हे आवा फिरिया’, म्हणजे गुंफलेल्या प्रवाहांची नदी, ही चौकट कामाची आहे. कँटरबरी भागात राकाइयासारख्या नद्या रुंद, गोट्यांच्या पात्रातून अनेक प्रवाहांनी वाहतात. प्रवाह एकत्र येतात, पुन्हा वेगळे होतात. पाश्चात्त्य विज्ञान हा एक प्रवाह, माओरी ज्ञान हा दुसरा. दोन्हींना आपापला उगम आहे, खरंखोटं तपासायची आपापली रीत आहे, आणि एकाने दुसऱ्याच्या परवानगीने वाहायचं असं काही नाही.

रोजच्या कामात मी याचा अर्थ असा लावते. समजा, पालकांसाठीचा एखादा वर्ग सुरू करायचा आहे. एका बाजूने चाचण्यांचे निकाल बघायचे: कुठे झाल्या, कोणावर, परिणाम किती टिकला. दुसऱ्या बाजूने स्थानिक काउमातुआंना, म्हणजे वडीलधाऱ्यांना, आणि आधी वर्गाला आलेल्या कुटुंबांना विचारायचं: यातलं काय तुमच्या घरात चालेल, काय अपमानास्पद वाटेल, मुलाला वाढवतं कोण. दोन्हीकडून ‘हो’ आलं तर निर्धास्त पुढे जावं. एकीकडून ‘हो’ आणि दुसरीकडून ‘नाही’ आलं तर थांबून कारण शोधावं. आपली खोड अशी, की ‘नाही’ दुसऱ्या बाजूने आलं की त्याला ‘सांस्कृतिक अडथळा’ म्हणायचं आणि पहिल्या बाजूने आलं की ‘पुराव्याचा अभाव’.

परदेशात सिद्ध झालेला कार्यक्रम इथे चालेल असं धरायला काय हरकत आहे?

हरकत नमुन्याची. डनेडिनचा अभ्यास जगभर सांगितला जातो. १९७२-७३ मध्ये जन्मलेली १०३७ मुलं, आज पन्नाशीत असलेली, आणि अजूनही त्यांचा मागोवा चालू आहे. काम अव्वल दर्जाचं आहे. पण त्यातली बहुतेक मुलं युरोपीय वंशाची. याच देशातला अभ्यास असूनही त्यातले निष्कर्ष माओरी कुटुंबाला सरसकट लावता येत नाहीत. मग सिएटलचं काय घेऊन बसलात!

सिएटलचं नाव उगाच घेतलेलं नाही. तिथला ‘इन्क्रेडिबल इयर्स’ हा पालकवर्ग न्यूझीलंडने घेतला, पण इथे प्रायोगिक तत्त्वावर चालवून, माओरी पालकांचे निकाल वेगळे काढून पाहिले. अशा वेगळ्या काढलेल्या आकड्यांची सवय लावून घ्या. अहवालात ‘एकूण ७० टक्के समाधानी’ दिसलं की पहिला प्रश्न: यातले माओरी किती, आणि मधूनच सोडून गेलेल्यांना कोणी विचारलं का?

आमच्या संस्थेत ‘ते फारे तापा फा’चा फॉर्म भरून घेतात. तेवढं पुरेसं नाही का?

मानसोपचारतज्ज्ञ मेसन ड्युरी यांनी १९८० च्या दशकात आरोग्याची ही मांडणी केली. सभागृहाच्या चार भिंती: आध्यात्मिक, मानसिक, शारीरिक आणि कौटुंबिक. एक भिंत खचली तर घर उभं राहत नाही. समजायला सोपं, चित्र काढायला त्याहून सोपं, म्हणून प्रत्येक संस्थेच्या भिंतीवर ते लागलं आहे. रोझ पेरे यांची आठ भुजांच्या ऑक्टोपसची मांडणी अधिक खोलात जाते, पण फॉर्ममध्ये मावत नाही. म्हणूनच बहुधा ती भिंतीवर कमी दिसते.

फॉर्मचं दुखणं असं, की ‘आध्यात्मिक’ या रकान्यात ‘चर्चला जातात: नाही’ लिहून माणसं मोकळी होतात. त्या रकान्यात खरं तर विचारायचं असतं की हे कुटुंब आपल्या गावापासून, आपल्या मृतांपासून, आपल्या भाषेपासून किती तुटलं आहे. आणि त्या उत्तराचा पुढच्या योजनेवर काही परिणाम व्हायला हवा. चारही रकाने भरून झाल्यावर योजना मात्र तीच, ‘आठ समुपदेशन सत्रं’, अशी असेल तर फॉर्म फाइलपुरता.

नोंदी लिहिताना काय वेगळं करायचं?

एक उदाहरण घेऊ. फाइलमध्ये असं वाक्य सापडतं: ‘आई दोन भेटींना अनुपस्थित. फोन उचलत नाही. सहकार्य करण्याची तयारी दिसत नाही.’ चौकशी केल्यावर कळतं की तिच्या मामांचं निधन झालं होतं. तांगी म्हणजे माओरी अंत्यविधी साधारण तीन दिवस मराएवर चालतो, कुटुंब मृतदेहासोबत राहतं, लांबून माणसं येतात, आणि घरच्या बायकांना त्यात शेकडो जणांचं जेवणखाण बघायचं असतं. म्हणजे ती बाई आपलं कर्तव्य पार पाडत होती, आणि आपण तिला बेजबाबदार ठरवलं.

वाक्य असं लिहिता आलं असतं: ‘आई अमुक तारखांना नातेवाईकाच्या तांगीसाठी मराएवर होती. आपल्याकडून पर्यायी तारीख विचारली गेली नव्हती.’ दुसरं वाक्य लिहायला हात जरा कचरतो, पण सहा महिन्यांनी न्यायाधीश फाइल वाचतात तेव्हा ते वाक्य तिथे असणं आणि नसणं यात फार फरक पडतो. आपल्याकडे सुतकात कुणी ऑफिसला आलं नाही तर आपण कारण विचारतो. इथेही तेवढंच करायचं.

संगणकाने धोक्याचा अंदाज दिला तर पूर्वग्रह कमी होणार नाहीत का?

हा प्रयोग इथे होता होता राहिला. सरकारी खात्यांकडच्या माहितीवरून बाळ जन्मतानाच त्याच्यावर पुढे अत्याचार होण्याचा धोका किती, याचा गुण काढणारं मॉडेल २०१२ च्या सुमारास तयार झालं. ते किती अचूक ठरतं हे पाहण्यासाठी नवजात बाळांना गुण द्यायचे, हस्तक्षेप न करता नुसतं पाहत राहायचं, असा अभ्यास योजला होता. २०१५ मध्ये मंत्री ॲन टॉली यांनी तो थांबवला. मुलं म्हणजे प्रयोगशाळेतले उंदीर नव्हेत, ही त्यांची भूमिका होती.

तांत्रिक अडचण याहून खोल आहे. मॉडेल शिकतं जुन्या नोंदींवरून. एखाद्या समाजाच्या दारात खातं जास्त वेळा गेलं असेल तर त्याच्या नोंदी जास्त, नोंदी जास्त तर गुण जास्त, गुण जास्त तर पुन्हा खातं दारात. माहितीवर मालकी कुणाची हा प्रश्न माओरी संशोधकांनी लावून धरला आहे; ‘ते माना राराउंगा’ हे जाळं त्याच कामासाठी उभं आहे. लिंडा तुहिवाई स्मिथ यांनी १९९९ मध्ये संशोधनाच्या वसाहतवादी सवयींवर जे लिहिलं ते आता इथल्या समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना वाचावंच लागतं.

मला माझ्याच कामावर छोटा अभ्यास करायचा आहे. कुठून सुरू करू?

प्रश्नावलीपासून तर नकोच. आधी ज्यांच्याबद्दल अभ्यास करायचा त्यांच्या प्रतिनिधींकडे जा, हा प्रश्न त्यांच्या उपयोगाचा आहे का ते विचारा. नाही म्हणाले तर प्रश्न बदला. आरोग्य संशोधन मंडळाने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेली ‘ते आरा तिका’ ही माओरी संशोधन-नीतीची मार्गदर्शिका वाचा. नाती, संशोधनाची योग्य आखणी, माणसांचा मान आणि समन्याय अशा चार अंगांनी ती प्रश्न विचारते.

व्यवहाराच्या गोष्टी: मुलाखतीला जाताना रिकाम्या हाताने जायचं नाही, काहीतरी खायला न्यावं. वेळ देणाऱ्याला कोहा, म्हणजे मानाची भेट, द्यायची पद्धत आहे, त्याची तरतूद अर्जातच करून ठेवा. अकाउंट्स विभाग नंतर हात वर करतो. संमतीपत्र एका माणसाची सही घेतं, पण सांगितलेली गोष्ट अनेकदा सगळ्या कुटुंबाची असते, तेव्हा आणखी कोणाला विचारायला हवं हे त्यांनाच विचारा. आणि निष्कर्ष आधी त्यांच्यासमोर मांडा, मग परिषदेत. ‘आम्ही असं म्हणालोच नव्हतो’ हे वाक्य छापून येण्याआधी ऐकलेलं बरं.

संस्कृतीचा मान राखताना मुलाच्या सुरक्षिततेशी तडजोड होत नाही का?

हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि टाळू नये. कायद्यात मुलाचं हित सर्वोपरि आहे, त्यात शंका नाही. मूल आत्ता, या क्षणी धोक्यात असेल तर १११ ला फोन करायचा. बाकीचं नंतर.

पण ‘घरी धोका, सरकारकडे सुरक्षितता’ अशी सोपी विभागणी धरू नका. रॉयल कमिशनच्या अहवालाने ती कधीच मोडीत काढली आहे. मूल काढून नेण्याचेही परिणाम असतात आणि तेही त्याच तराजूत घालायचे. आजीकडे मूल ठेवताना तिची तपासणी इतर कोणासारखीच नीट करायची. ती माओरी आहे म्हणून सवलत देणं हाही मुलावर अन्यायच. फरक एवढाच, की आजी आहे का, मावशी आहे का, हे आधी शोधायचं. मूल परक्या घरी ठेवून सहा महिने झाल्यावर ‘आता त्याला तिथे सवय झाली’ असा युक्तिवाद करायचा नाही.

कलम ७एए रद्द झालं म्हणजे हे सगळं संपलं का?

बालकल्याण कायद्यातल्या, १ जुलै २०१९ पासून लागू झालेल्या त्या कलमाने ओरांगा तामारिकीच्या प्रमुखांवर काही जबाबदाऱ्या टाकल्या होत्या: माओरी मुलांबाबतची तफावत कमी करणारी धोरणं, इवींशी भागीदारी, दरवर्षी जाहीर हिशेब. २०२५ मध्ये संसदेने ते रद्द केलं. दाराबाहेरचा हिशेब त्यामुळे सैल झाला, आणि माझ्या मते ते वाईटच झालं. पण फॅमिली ग्रुप कॉन्फरन्स कायद्यात आहे. मुलाचा मान, त्याची वंशावळ आणि नाती जपण्याची तत्त्वं कायद्यात आहेत. नोंदणीची अट आहे. तुमच्या टेबलावरचं काम काही बदललेलं नाही.

काराकिया, पेपेहा हे मी म्हणायचं का? नाटकी वाटतं.

शिकून, अर्थ समजून म्हणा. पेपेहामध्ये माणूस आपला डोंगर, आपली नदी, आपली माणसं सांगतो. न्यूझीलंडचा डोंगर स्वतःचा म्हणून सांगू नका, तो कुणाच्या तरी पूर्वजांचा आहे. ‘मी कृष्णेकाठी वाढले, आता अमुक लोकांच्या भूमीवर राहते,’ एवढं पुरतं, आणि ते खरं असतं. आडनावावरून गाव ओळखणाऱ्या समाजातून आलो आहोत, आपल्याला हे फार अवघड जाऊ नये. उच्चार मात्र घरी घोटून जा.

सांस्कृतिक सुपरव्हिजन म्हणजे काय?

नेहमीच्या सुपरव्हिजनखेरीज, म्हणजे अनुभवी सहकाऱ्यासोबत आपलं काम तपासून घेण्याखेरीज, एखाद्या जाणत्या माओरी व्यक्तीसोबत आपल्या केसेसबद्दल नियमित बोलणं. संस्था देत नसेल तर मागा, आणि त्या व्यक्तीच्या वेळेचे पैसे द्यायला लावा. ऑफिसातल्या एकमेव माओरी सहकाऱ्याला येताजाता फुकट सल्ला विचारणं म्हणजे सुपरव्हिजन नव्हे. तिच्या स्वतःच्या केसेसही असतात.

समोरचं कुटुंब मराठी असेल तर?

मग तुम्हाला सगळं कळतं असं गृहीत धरू नका. परिचर्या क्षेत्रात इरिहापेती रॅम्सडेन यांनी मांडलेला सांस्कृतिक सुरक्षिततेचा विचार इथे थेट लागू पडतो: सेवा सुरक्षित होती की नाही हे ती घेणारा ठरवतो, देणारा नाही. जात, सासर-माहेर, व्हिसा कुणाच्या नावावर, या गोष्टी तुम्हाला चटकन दिसतील, पण त्याच कारणाने ती बाई तुमच्यापुढे तोंड उघडणार नाही. तुमची गाठ पुढच्या महिन्यात मंडळाच्या गणपतीत पडणार आहे हे तिला पक्कं ठाऊक असतं. ‘मी नको असेन तर दुसरी कोणी देते’ हे पहिल्याच भेटीत सांगा. दुभाषी नात्यातला किंवा ओळखीतला घेऊ नका. घरगुती हिंसा असेल तर स्थलांतरित स्त्रियांसोबत १९९५ पासून काम करणाऱ्या ‘शक्ती’सारख्या संस्थेचा पर्याय तिच्यापुढे ठेवा.

महाराष्ट्रात परत गेल्यावर यातलं काय उपयोगी पडेल?

करार तिकडे नाही, त्यामुळे चौकट जशीच्या तशी उचलता येणार नाही. पण कामाची रीत आपल्याकडे आधीपासून आहे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवलं. ३९ गावांतल्या त्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये आले, बालमृत्यूच्या चर्चेला त्याने वळण दिलं. त्यांचं रुग्णालयही तिथल्या आदिवासींना विचारून झोपड्यांच्या रूपात उभं राहिलं आणि त्याला दंतेश्वरी देवीचं नाव मिळालं. विद्यार्थ्यांना मी आकड्यांबरोबर हेही सांगते, कारण लोक दवाखान्याची पायरी चढले नसते तर मोजायला आकडेच मिळाले नसते. परत गेलात तर आश्रमशाळा, बालकल्याण समिती, पारधी वस्ती, जिथे कुठे काम कराल तिथे कागद उघडायच्या आधी तिथल्या चार जाणत्या माणसांकडे जाऊन बसा. चहा तेच देतील.